लघु-श्रेयांक अभ्यासक्रम पदवीत कसे बसवायचे?

प्राध्यापक_वाणिज्य: बाहेरच्या संस्थेचा ३० तासांचा एक्सेलचा कोर्स आहे. त्याला २ क्रेडिट (म्हणजे पदवीत धरले जाणारे श्रेयांक) देता येतील का?

अभ्यासमंडळ_सदस्य: नाही. राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात ३० तासांना १ क्रेडिट, आणि त्या ३० तासांत वर्ग, सराव, गृहपाठ, परीक्षा सगळं येतं. २ हवे असतील तर ६० तासांचं काम दाखवा. शिवाय मूल्यमापन हवंच. नुसत्या हजेरीच्या प्रमाणपत्राला क्रेडिट नाही. अभ्यास मंडळ आणि विद्या परिषदेची मंजुरी प्रवेशाआधी घ्या. मुलांनी कोर्स केल्यावर ठराव आणला की वाद ठरलेला!

परीक्षा_कक्ष: खरी डोकेदुखी क्रेडिट बँकेत (विद्यार्थ्यांचे क्रेडिट साठवणारी ऑनलाइन खाती) नोंद करताना होते. अपार क्रमांक, म्हणजे विद्यार्थ्याचा ओळख क्रमांक, १२ अंकी. एक्सेलमध्ये तो स्तंभ 'टेक्स्ट' केला नाही तर १.२३ई+११ असं काहीतरी दिसतं, आणि तीच फाइल सीएसव्ही (साधी मजकूर फाइल) म्हणून जतन केली की मूळ अंक गेले. दुसरं, नाव. गुणपत्रिकेवर आडनाव आधी, आधारवर शेवटी. जुळणी तिथेच अडते. नोंदी चढवण्याआधी महिनाभर यादी तपासायला द्या.

प्राध्यापक_वाणिज्य: तेच क्रेडिट पुढच्या पदवीला चालेल?

अभ्यासमंडळ_सदस्य: एका पदवीसाठी वापरलं की खात्यातून वजा. न वापरलेलं साधारण ७ वर्षं टिकतं.