आई-बाबांना व्हेन बेटावर न्यावं का?

मंडळी, नमस्कार.
आई-बाबा नाशिकहून आलेत. इथे स्वीडनमध्ये लुंडहून एका दिवसात होईल अशी सहल हवी आहे. व्हेनला सगळे भाड्याच्या सायकलींवर फिरतात म्हणे. बाबांना गुडघ्यांमुळे सायकल जमत नाही, सावकाश चालतात मात्र. जावं का?

*

अगं, नक्की जा. लांडस्क्रोना स्टेशनाहून बंदरापर्यंत ट्रॉलीबस (वरच्या तारांतून वीज घेणारी बस) आहे, स्वीडनमधली एकमेव. पुढे बोटीने अर्धा तास. बेट जेमतेम साडेसात चौरस किलोमीटर, पण धक्क्यावरून वर यायला चढ आहे. तिथे बाबांना घाई करू देऊ नकोस.

वर शेतांमधून चालत खगोलशास्त्रज्ञ टायको ब्राहेच्या जागी जा. बेट तेव्हा डेन्मार्कचं होतं. राजा दुसऱ्या फ्रेडरिकने १५७६ मध्ये ते त्याला दिलं आणि त्याने उरानीबोर्ग हा वेधशाळेचा वाडा बांधला. वरची यंत्रं वाऱ्याने हलायची, म्हणून मग शेजारीच जमिनीखाली शेर्नेबोर्ग बांधलं, म्हणजे ताऱ्यांचा गड. दुर्बीण अजून यायची होती! नुसत्या डोळ्यांनी वीस वर्षं वेध घेतले त्याने. आपण मंगळ वक्री झाला म्हणतो ना, ती उलटी चालही त्यात आली. पुढे ही टिपणं प्रागला गणितज्ञ केपलरच्या हाती पडली. मंगळाची कक्षा वर्तुळाकार धरून त्याने गणित केलं, तर ८ कलांचा (कला म्हणजे अंशाचा साठावा भाग) फरक आला! पौर्णिमेच्या चंद्राच्या रुंदीचा चौथा हिस्सा. टायकोची एवढी चूक होणार नाही, ही केपलरची खात्री. त्याने वर्तुळ सोडलं, आणि लंबवर्तुळ हाती लागलं. शेर्नेबोर्गच्या खड्ड्याशी उभी राहिले की मला दर वेळी भरून येतं.

वाडा आज उरलेला नाही. टायको १५९७ मध्ये बेट सोडून गेला, त्यानंतर तो पाडला. आईंना हेही सांग, की बांधकामासाठी बेटावरच्या शेतकऱ्यांना वेठीला धरलं होतं. त्यांची आठवण ठेवूनच ती जागा बघावी.
— माल्मोची काकू

*

काकू, शनिवारी निघतोय. बाबांनी उज्जैनच्या वेधशाळेतलं सम्राट यंत्र (मोठं सूर्यघड्याळ) पाहिलंय, तुमची मेल वाचल्यापासून आईला ते कागदावर काढून समजावत बसलेत. जेवणाचा डबा बरोबर घेऊ ना?

*

घे. आणि स्वेटरही, वर वारा फार असतो.