अण्णांची सायकल, जायरोचं चाक अन् कवचबीज चूर्ण – सल्ला पाहिजे

गंगाखेडकर: राम राम मंडळी. अण्णांना कंपवात (पार्किन्सन) आहे, लेवोडोपा-कार्बिडोपाची गोळी चालू आहे. चालताना पाय जमिनीला चिकटतात पण सायकलवर टांग टाकली की भर्रकन शेतात, घरचे सगळे जीव मुठीत धरून बसतात. नेटवर पुढचं जायरो चाक दिसलं, सायकल पडूच देत नाही म्हणे, घ्यावं का? अन् पाव्हण्यांनी कवचबीजाचं चूर्ण आणलंय, गोळी बंद करून हेच द्या म्हणतेत.

चेन_उतरली: नका घेऊ दादा. ती चाकं लेकरांच्या १२ अन् १६ इंची सायकलींसाठी निघाली होती, अण्णांच्या घोड्याला कुठं बसवता. आतली तबकडी मोटरवर फिरते म्हणून हळू स्पीडलाही धरते, खरंय, पण सायकल काय नुसत्या जायरोवर, म्हणजे फिरत्या चाकाच्या स्थिर राहायच्या जोरावर, उभी नसते. १९७० ला डेव्हिड जोन्सनं पुढच्या चाकाशेजारी उलटं फिरणारं चाक लावून जायरोचा जोर मारून टाकला तरी सायकल चालवता आलीच. डावीकडं कलली की हँडल डावीकडं वळतं अन् चाकं परत वजनाखाली येतात, खरा खेळ तो. अण्णा पडले तर चढता-उतरता पडतील. लेडीज सायकल घ्या, सीट खाली, दोन्ही पाय टेकले पाहिजेत.

नांदेडची_वैद्य: गोळी अजिबात बंद करू नका!! एकदम थांबवली तर अंग ताठून, ताप चढून जिवावर बेततं. कवचबीज म्हणजे खाजकुयलीचं बी, त्यात लेवोडोपा खरंच असतं, १९३७ ला दामोदरन-रामस्वामींनी ते त्यातून वेगळं काढलं होतं. म्हणूनच भीती, गोळीवर चूर्ण म्हणजे डबल डोस, मग उलट्या, बीपी उतरणं, भास, अंग आपोआप वेडंवाकडं हलणं. पुडी-पुडीत प्रमाण वेगळं अन् कार्बिडोपा त्यात नसतंच, जे लेवोडोपाला मेंदूत पोचायच्या आत वाया जाऊ देत नाही. अश्वगंधा, ब्राह्मीनं हा आजार बरा होत नाही, कुणी सांगितलं तरी. पुडी दाखवायला सोबत नेऊन न्यूरोवाल्यांकडं (मेंदूच्या डॉक्टरकडं) जा. अन् गोळी जेवणाआधी अर्धा तास, दूध-डाळीसोबत नको, प्रोटीननं असर कमी होतो.

मांजराकाठ: पाय अडकतात पण सायकल चालते हे नवीन नाही, २०१० ला डच डॉक्टरांनी असाच पेशंट व्हिडिओत दाखवला होता. उलट आजाराच्या सुरुवातीलाच सायकल जमेनाशी झाली तर डॉक्टरला आवर्जून सांगायचं, तो पार्किन्सनसारखाच पण दुसरा आजार असू शकतो. हायवेला मात्र जाऊ देऊ नका.

गंगाखेडकर: आभारी आहे ताई, दादा. चूर्ण माळ्यावर टाकलं. लेडीज सायकल म्हटलं तर अण्णा जेवलेच नाहीत, तीनचाकी कुठं मिळंल संभाजीनगरात?