मदत हवी आहे : एचआयव्ही रुग्णांकडून तब्येतीची माहिती टॅबलेटवर भरून घेण्याविषयी

नमस्कार. मी बेळगाव जिल्ह्यातील एका सेवाभावी संस्थेच्या दवाखान्यात समुपदेशक म्हणून काम करते. आमच्याकडे येणाऱ्या एचआयव्हीबाधितांपैकी बहुतेकांच्या गोळ्या सरकारी एआरटी (एचआयव्हीवरील औषधोपचार) केंद्रातून सुरू असतात. आमच्याकडे ते इतर दुखणी, आहार आणि समुपदेशन यांसाठी येतात. निपाणी, चिकोडी, खानापूर, अथणी या भागांतले लोक तर येतातच, पण चंदगड-गडहिंग्लजकडचेही काही जण गावात कोणी ओळखू नये म्हणून मुद्दाम हद्द ओलांडून इकडे येतात. डॉक्टरांना भेटण्यापूर्वी रुग्णाने स्वतः टॅबलेटवर काही प्रश्नांची उत्तरे द्यावीत आणि तो खोलीत शिरण्याआधी ती डॉक्टरांसमोर असावीत, अशी पद्धत आम्हाला सुरू करायची आहे. हे काम प्रत्यक्ष केलेल्यांकडून मार्गदर्शन हवे आहे.

गरज का भासली ते सांगते. २००४ साली सरकारने मोफत एआरटी सुरू केली तेव्हा माणूस जगतो की नाही हाच प्रश्न होता. आता टेनोफोविर, लॅमिव्ह्युडिन आणि डोल्युटेग्राविर ही तीन औषधे एका गोळीत मिळतात, ती नियमित घेणाऱ्या बहुतेकांचा व्हायरल लोड (रक्तातील विषाणूंचे प्रमाण) आटोक्यात राहतो आणि तब्येत स्थिर असलेल्यांना काही महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या जातात. भेटी त्यामुळे कमी झाल्या, आणि एका भेटीत जे बोलायचे राहिले ते पुढच्या भेटीपर्यंत तसेच राहते. "गोळ्या वेळेवर घेतासा न्हवं?" असे विचारले की "व्हय की, घेतोय की" हेच उत्तर येते, समोर बसलेल्या डॉक्टरांना नाराज कोण करणार? झोप उडाली आहे, वजन वाढत चालले आहे, दारू पुन्हा सुरू झाली आहे, सासरच्यांनी भांडी वेगळी केली आहेत, यातले काहीच तपासणीच्या टेबलापाशी निघत नाही. ते निघते औषधाच्या खिडकीजवळ, नाहीतर बस चुकली आणि माणूस माझ्या खोलीत टेकला तर.

अमेरिकेतल्या काही एचआयव्ही दवाखान्यांत ही माहिती अनेक वर्षांपासून टचस्क्रीनवर घेतली जाते. नैराश्य, व्यसन आणि चुकलेले डोस यांविषयी रुग्ण पडद्यावर जे सांगतात त्यातले बरेचसे डॉक्टरांना ठाऊकच नसते, असे तिथे दिसून आले आहे. इथेही तसेच घडेल असे मला वाटते. मात्र अडचणी इथल्या आहेत.

पहिली अगदी साधी. तंबाखूच्या वखारीत किंवा उसाच्या फडात काम करून बोटे इतकी कोरडी आणि घट्टे पडलेली असतात की पडदा त्यांना दाद देत नाही. एक मावशी तीन वेळा बोट दाबून, पदराला पुसून, शेवटी "हे मला ओळखीना झालंय" म्हणाल्या. रबरी टोकाची पेन्सिल दिल्यावर काम झाले. वाचता न येणाऱ्यांसाठी प्रश्न हेडफोनवर मराठीत आणि कन्नडात ऐकवायचे ठरवले आहे, कारण सोबत आलेल्या मुलीने आईला प्रश्न वाचून दाखवले तर आईचे उत्तर मुलीला ऐकवण्याजोगेच येणार. मोबाइलवर लिंक पाठवण्याची सूचना काही जणांनी केली होती, पण घरात एकच फोन असतो आणि तो बहुतेक वेळा मुलाच्या किंवा दिराच्या हातात असतो, म्हणून मी ती मान्य केली नाही.

दारूच्या प्रश्नावर मी अडले आहे. ऑडिट-सी या दारूच्या सवयीविषयीच्या प्रश्नावलीत नेहमीच्या दिवशी किती "ड्रिंक्स" घेता असे विचारतात, आणि आमच्याकडचा माणूस "एक नाइंटी" असे सांगतो. ४२.८ टक्के अल्कोहोल असलेल्या ९० मिलीच्या पाकिटात सुमारे ३० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, म्हणजे १० ग्रॅमचे एक ड्रिंक धरले तर एक नाइंटी तीन ड्रिंक्सच्या बरोबरीची होते. "एक" या उत्तरापुढे एकच ड्रिंक मोजले, तर माणूस कागदावर पितो त्यापेक्षा बराच कमी पिणारा दिसतो. नाइंटी आणि क्वार्टर यांची चित्रे दाखवून हिशेब फॉर्मवरच सोडणे कोणी केले आहे का?

खरी काळजी पीएचक्यू-९ या नैराश्याच्या प्रश्नावलीची आहे. मागील दोन आठवड्यांविषयीचे हे नऊ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. १० किंवा अधिक गुण आले की नैराश्याची नीट तपासणी करतात. नववा प्रश्न मरण बरे वाटण्याविषयी किंवा स्वतःला इजा करण्याच्या विचारांविषयी आहे. एखाद्याने तिथे "बरेच दिवस" असे उत्तर दिले, टॅबलेट परत ठेवला आणि तो चार वाजताची बस धरून अथणीला निघून गेला, तर ते उत्तर मागण्याचा आम्हाला काय अधिकार? प्रश्नच गाळावा असे आमच्या एका सहकाऱ्यांचे मत आहे. मला ते पटत नाही, परंतु ठेवायचा तर व्यवस्था काय करावी?

प्रतिसाद (हुबळीहून, माहिती-व्यवस्थापनाचे काम करणारा)

ओडीके हे फॉर्म भरून घेण्याचे सॉफ्टवेअर वापरल्यास नेटवर्क नसतानाही फॉर्म भरता येतो, प्रश्नांना आवाजाच्या फायली जोडता येतात आणि भाषा मध्येच बदलता येते. भरलेला फॉर्म कूटबद्ध (एन्क्रिप्ट) करण्याची सोय आहे, ती अवश्य वापरावी. एचआयव्ही आणि एड्स (प्रतिबंध व नियंत्रण) अधिनियम, २०१७ च्या कलम ११ नुसार अशा नोंदी ठेवणाऱ्या प्रत्येक आस्थापनेला त्यांच्या सुरक्षिततेची व्यवस्था करावी लागते. फॉर्ममध्ये नाव, गाव, आधार क्रमांक यांपैकी काहीही नको. केवळ दवाखान्याचा अंतर्गत क्रमांक पुरे. टॅबलेटच्या पडद्यावर आणि फॉर्मच्या शीर्षकातही रोगाचे नाव नसावे.

एक अडचण मात्र आधीच सांगतो. कूटबद्ध केलेला फॉर्म त्याच टॅबलेटवर पुन्हा उघडून पाहता येत नाही, त्यामुळे लगेच लक्ष देण्याची गोष्ट नंतर सापडेल या भरवशावर राहू नका. गुणांची बेरीज फॉर्मनेच करावी आणि शेवटच्या पानावर एखादे निरुपद्रवी चित्र दाखवावे. साध्या उत्तरांना जास्वंद, नवव्या प्रश्नावर शून्याखेरीज काहीही आले तर मोगरा. टॅबलेट परत घेणाऱ्या व्यक्तीने तेवढेच पाहायचे. नाइंटीचा हिशेबही याच रीतीने होईल, चित्रावर बोट ठेवले की फॉर्म तीनने गुणेल.

प्रतिसाद (कोल्हापूरहून, मानसोपचार विभागातील परिचारिका)

नववा प्रश्न गाळू नये. विचारल्याने तसा विचार मनात येतो, ही भीती निराधार आहे. परंतु समुपदेशक इमारतीत हजर असेल तेव्हाच टॅबलेट हातात द्यावा, आणि प्रश्नावली औषधाच्या खिडकीच्या आधी ठेवावी, नंतर नव्हे. गोळ्या हातात पडल्यावर कोणी थांबत नाही. मोगरा दिसला की त्याच वेळी बोलणे झाले पाहिजे, तेही एकांतात. घरी पाठवताना टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक जरूर द्यावा. ती सेवा ऑक्टोबर २०२२ पासून चालू आहे, विनामूल्य आहे आणि मराठी व कन्नड दोन्हींत बोलता येते. क्रमांक कागदावर लिहून दिला तर त्यावर दवाखान्याचा शिक्का नसावा.

मूळ धागालेखिका

दोघांचेही आभार. फुलांची युक्ती आम्ही स्वीकारत आहोत, आणि प्रश्नावली खिडकीच्या आधी आणण्यासाठी केसपेपरची रांग हलवावी लागेल, तीही हलवू. माझ्या सुट्टीच्या दिवशी टॅबलेट कुलपात राहील.

आता हेडफोनमधला आवाज कोणाचा असावा, एवढेच ठरायचे आहे. ध्वनिमुद्रण मीच करावे असे सर्वांचे म्हणणे आहे, कारण माझा आवाज रुग्णांच्या ओळखीचा आहे. मला नेमके तेच नको आहे. माझाच आवाज कानात आला तर उत्तरही मला द्यायचे तेच मिळेल. सीमाभागातील बोलीशी परिचित, परंतु या जिल्ह्यात कोणाच्या ओळखीचा नसलेला, शक्यतो वयस्क स्त्रीचा आवाज मराठी व कन्नड दोन्हींत मिळू शकेल का? आपल्यापैकी कोणी ध्वनिमुद्रण करून देण्यास तयार असल्यास कृपया येथेच कळवावे. सगळे प्रश्न मिळून अर्ध्या तासाचे काम आहे.