अनुभव धागा: श्रमदानात हात भरपूर असूनही काम का अडतं?

पावसाळा सरला की राष्ट्रीय सेवा योजनेची सात दिवसांची शिबिरं लागतात. माळावर समतल चर (उताराला आडवे, एकाच पातळीत खणलेले) आणि ओढ्यावर वनराई बंधारा (माती भरलेल्या पोत्यांचा) ही कामं बहुतेक ठिकाणी ठरलेली. मुलंमुली मनापासून राबतात, तरीही चर वाकडा होतो, बंधारा गळतो. ज्यांनी अशी शिबिरं चालवली आहेत त्यांनी लिहावं: एकत्र काम करताना शिकायचं ते नेमकं काय? मापं द्या, कारणं द्या.

आखणी

पहिल्या सकाळी सगळ्यांना टिकाव देऊ नका. आधी तिघांनी आखणी करायची: दोघांनी ए-फ्रेम, म्हणजे पातळी बघायची ए आकाराची चौकट, फिरवायची, एकाने फक्की (खुणेची पांढरी भुकटी) टाकायची. दोन सारख्या काठ्या, मध्ये आडवी पट्टी, शेंड्याला दगडाचा ओळंबा, एवढंच साहित्य. दोन्ही पायांच्या जागी खुणा करून दोरी पट्टीवर पडते तिथे रेघ मारा. मग पाय अदलाबदल करून दुसरी रेघ मारा. दोन रेघांच्या बरोबर मध्ये सपाटीची खूण येते. वारा असला तर दगड जड घ्यावा.

चराला उतार राहिला तर पाणी एका टोकाला धावतं, भराव फोडतं आणि खालचे चरही घेऊन जातं. म्हणून फक्कीबाहेर हौसेनेसुद्धा कुणी खणायचं नाही. खडक लागला तर चर तिथे थांबवा, खडकापलीकडे त्याच पातळीवर पुन्हा सुरू करा. खडकाला वळसा घालायला गेलात की पातळी हमखास चुकते.

खोदाई

60 सेंमी रुंद, 30 सेंमी खोल चराच्या एका मीटरला 0.18 घनमीटर माती निघते. टिकाव आणि फावडं अशी जोडी लावा आणि कामं आलटूनपालटून करा. माती उताराच्या खालच्या अंगाला टाका, काठापासून फूटभर जागा सोडून, नाहीतर पहिल्याच सरीला ती परत चरात. नवखे खोदतात तेव्हा तळ मधे वर राहतो, त्यामुळे खूण केलेली काठी घेऊन एकजण सतत फिरता हवा. टिकाव चालवणाऱ्याच्या मागे कुणीही उभं राहायचं नाही.

बंधारा

खरी परीक्षा इथे. एक घनमीटर रचाईला सिमेंटची साधारण 30 ते 35 रिकामी पोती धरा. भरणारे, शिवणारे, वाहणारे, रचणारे असे गट पाडले की सगळ्यांना भरायचंच असतं, आणि दाभण धरायला कुणी नसतं. मग तोंड उघडी पोती काठावर साचतात आणि रचणारे बसून राहतात. भरणाऱ्या तीन जोड्यांमागे निदान दोन शिवणारे ठेवा. काम कुठे तुंबलंय हे बघून स्वतःहून तिकडे जाणारा स्वयंसेवक मला सर्वांत मोलाचा वाटतो.

पोतं पाऊणच भरायचं. गच्च भरलेलं गोल राहतं, दोन पोत्यांत फट पडते. गाळ काढून घट्ट तळ लागल्याशिवाय पहिला थर नको. विटांसारखे सांधे चुकवा, दोन्ही टोकं काठात खोल घुसवा. माथा मधे किंचित खाली ठेवा, म्हणजे जादा पाणी मधून जाईल, काठ खाणार नाही. पाण्याच्या बाजूने चिकणमातीचा जाड थर चोपून बसवा. रचायला तीन-चारच माणसं पुरतात, गर्दी झाली की थर वाकडे होतात. वाहणारे एकमेकांसमोर, जरा तिरपे उभे राहिले तर कंबर कमी पिळवटते.

स्वयंपाक

याला दुय्यम काम समजू नये. 50 जणांच्या एका जेवणाला 5 किलो तांदूळ, अडीच किलो डाळ. कांदा-मिरची रात्रीच चिरून ठेवा, नाहीतर सकाळच्या थंड वेळेतलं काम न्याहारीच्या वाटेकडे डोळे लावण्यात जातं. पाळी रोज बदला, मुलगे-मुली दोघांचीही. कामावर पाणी फिरवायला एक माणूस वेगळाच हवा. चक्कर आली तर एक लिटर पाण्यात सहा चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ.

आखणीला पुरवणी

बंधाऱ्याची जागा ठरवताना गावातल्या जुन्याजाणत्यांना पुराची रेघ विचारा. उन्हाने पोत्यांचे धागे तुटतात, तुकडे ओढ्याने शेतात जातात. मे महिन्यात पोती कोण काढणार, हे शिबिर संपायच्या आत ग्रामपंचायतीशी बोलून ठरवा आणि लिहून घ्या.