घरची मंडळी ग्रुप: ऑक्टोबरात हंगेरीतल्या टोकायला जायचं का?

सागरदादा: वर युरोप सहलीचं पत्रक टाकलंय. नऊ दिवसांत पाच देश, सगळं बसने. ऑक्टोबरची तारीख आहे. बघून सांगा.

काकू: व्हिएन्ना, प्राग, बुडापेस्ट सगळंच आलं की यात. मुग्धा बुडापेस्टलाच आहे, तिचीही भेट होईल.

मुग्धा: काकू, त्यात बुडापेस्टला एकच रात्र आहे. संध्याकाळी सातला पोहोचाल, सकाळी आठला बस निघेल. भेट म्हणजे हॉटेलच्या दारात फोटो. त्यापेक्षा माझं ऐका. तीन दिवस बुडापेस्ट माझ्याकडे आणि मग चार दिवस टोकाय. व्हिएन्ना हवंच असेल तर इथून ट्रेनने पावणेतीन तास लागतात, एक दिवस काढू.

काकू: टोकाय काय आहे तिथे? नावही ऐकलं नाही.

मुग्धा: चारेक हजार वस्तीचं गाव. तिसा आणि बोद्रोग या दोन नद्यांचा संगम, मागे डोंगर आणि डोंगरावर सगळी द्राक्षं. आजूबाजूची गावं धरून हा सगळा पट्टा 2002 पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. मी अण्णाकाकांना डोळ्यांसमोर ठेवूनच सांगतेय. द्राक्ष बागायतदाराने युरोपात येऊन नुसते राजवाडे बघून परत जावं, हे मला पटत नाही.

अण्णाकाका: ऑक्टोबरात बाग सोडून? फळासाठीची गोडी छाटणी झालेली असते. डावणीची बुरशी तेव्हाच येते. जून असेल तर बोला.

मुग्धा: काका, जूनमध्ये तळघरं बघाल, वाइन चाखाल, पण जे बघायला न्यायचंय तेच नसेल. तिथे द्राक्षाला बुरशी लागावी म्हणून थांबतात.

अण्णाकाका: कसली? भुरी का डावणी?

मुग्धा: दोन्ही नाही. बोट्रायटिस. पावसात घड कुजतात ना, करडा थर येतो, तीच बुरशी. सतत ओल राहिली तर तिथेही ती घड सडवते. पण शरदात पहाटे नद्यांवरून धुकं वर चढतं आणि दुपारी लख्ख ऊन पडतं. धुक्यात बुरशी सालीला बारीक छिद्रं पाडते, उन्हात त्यातून पाणी उडून जातं. मणी सुकतो, साखर घट्ट होते आणि आंबटपणाही आत टिकतो. अशा मण्याला ऑसू म्हणतात, आणि त्यापासून बनलेल्या वाइनलाही तेच नाव.

मी माद गावच्या एका बागेत तोडणी बघितली आहे. फुरमिंट जातीचा एकच घड हातात घेतला तर त्यात काही मणी पिवळेधमक, काही जांभळट तपकिरी आणि काही पार सुरकुतलेले, वर राखेसारखा थर. तोडणाऱ्या बाईकडे दोन बादल्या होत्या. ती घड कापून टाकत नव्हती, त्यातले सुकलेलेच मणी बोटांनी खुडून वेगळ्या बादलीत टाकत होती. बाकीचा घड वेलीवर तसाच ठेवायचा, पुन्हा आठ-दहा दिवसांनी यायचं. सप्टेंबरअखेर सुरू झालेलं हे काम नोव्हेंबरपर्यंत चालतं. एखाद्या वर्षी पाऊस हटलाच नाही तर ऑसू जवळपास मिळतच नाही.

धाकटी आत्या (तासगाव): म्हणजे वेलीवरच बेदाणा! आमच्याकडे डिपिंग ऑइलमध्ये बुडवून शेडवर जाळीवर टाकतात, बारा-पंधरा दिवसांत तयार. पुढे करतात काय त्याचं?

मुग्धा: बरोबर ओळखलंस आत्या, बेदाणाच, फक्त आत रस थोडा राहिलेला. ते मणी त्याच वर्षीच्या रसात किंवा वाइनमध्ये दिवस-दोन दिवस भिजवतात, मग दाबून काढतात. पूर्वी मोजमाप टोपलीवर होतं. त्या टोपलीला पुतोन्य म्हणतात, साधारण पंचवीस किलोची. 136 लिटरच्या एका पिंपाला तीन, चार, पाच, सहा अशा टोपल्या घालायच्या, जितक्या जास्त तितकी गोड. 2013 पासून नियम कडक केला, लिटरला किमान 120 ग्रॅम साखर असेल तरच ऑसू म्हणता येतं. सहा पुतोन्यला 150. आणि किमान अठरा महिने लाकडी पिंपात.

अण्णाकाका: 120 ग्रॅम साखर म्हणजे पाकच झाला. दोन घोटांत तोंड फिरेल.

मुग्धा: नाही फिरत काका, कारण फुरमिंटला आंबटपणा जबरदस्त आहे. गोड लागतं तोवर आंबट येतं आणि तोंड स्वच्छ होतं. जर्दाळू, मध, संत्र्याची साल असे वास येतात. आणि एक एसेन्सिया म्हणून प्रकार आहे. ऑसू मणी पिंपात रचून ठेवले की स्वतःच्याच भाराने खाली जो रस टिपकतो, तो. लिटरला 450 ग्रॅमच्या वर साखर. आंबायला वर्षानुवर्षं लागतात. चमच्याने देतात.

थोरली आत्या (अलिबाग): बाळा, मी दारूला हात लावत नाही आणि मांसाहारही नाही. मी येऊन काय करू? तुम्ही जा, मी प्रागला जाईन या बसने.

मुग्धा: आत्या, तुझ्याशिवाय नाही जायचं. तुझ्यासाठीही तिथे खूप आहे.

मादमध्ये 1795 सालचं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ आहे. बाहेरून पांढरंशुभ्र, आत रंगवलेलं छत. या भागातला वाइनचा व्यापार मोठ्या प्रमाणात ज्यू कुटुंबांकडे होता. 1944 मध्ये त्यांना ऑशविट्झच्या नाझी छळछावणीत नेलं. गाव राहिलं, तळघरं राहिली, माणसं गेली. इमारत नंतर नीट डागडुजी करून उभी केली. ती बघितल्याशिवाय कुणी त्या गावात वाइन चाखू नये असं मला वाटतं. आधी तिथे जायचं, मग तळघरात.

टोकायच्या जवळच बोद्रोगकेरेस्तूर गाव आहे. तिथे एक रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरू होते, 1925 मध्ये वारले. दारी आलेल्या कुणालाही जेवल्याशिवाय जाऊ देत नसत. आजही त्यांच्या समाधीला जगभरातून लोक येतात.

थोरली आत्या (अलिबाग): आमच्या इथे इस्रायल आळीत सिनेगॉग आहे. तिथल्या ज्यूंना शनवार तेली म्हणायचे, शनिवारी तेलाचा घाणा बंद. शेजारच्या घरातली माझी मैत्रीण इस्रायलला गेली. मग मादला मी येते. जेवायचं सांग.

मुग्धा: सावध राहावं लागेल, खोटं कशाला सांगू. भाज्यांनाही डुकराची चरबी वापरतात, न विचारता काही घ्यायचं नाही. लेचो म्हणजे ढोबळी मिरची-टोमॅटोची भाजी, त्यात सॉसेज नको म्हणून सांगायचं. वाइनबरोबर पोगाचा नावाची खारी छोटी बिस्किटं देतात, त्यातही चरबीचे तुकडे घातलेला प्रकार असतो, आपण चीजचा मागायचा. आंबट चेरीचं थंड सूप तुला आवडेल. लांगोश म्हणजे तळलेली मोठी पुरी, वर आंबट साय आणि चीज. स्वयंपाकघर असलेलंच घर भाड्याने घेऊ, आमटी-भात आपला. गोडा मसाला घेऊन ये. आणि वाइन न पिणाऱ्याला तळघरात द्राक्षाचा ताजा रस मिळेल का, ते आधीच विचारून ठेवते.

काकू: तळघरात जाऊन करायचं काय असतं? नाशिकला टेस्टिंगला गेलो तेव्हा सगळे भराभरा पीत होते आणि फोटो काढत होते.

मुग्धा: इथे घाई नाही. आधी वेळ ठरवून जायचं, पाच-सहा वाइन, प्रत्येकी दोन-तीन घोट. थुंकायला भांडं ठेवलेलं असतं, वापरलं तर कुणी वाईट मानत नाही. कोरडी फुरमिंट आधी, ऑसू शेवटी. तळघर दगडात खोदलेलं, आत दहा-बारा अंश, शाल हवीच. भिंतींवर काळी मऊ बुरशी असते, दारूच्या वाफेवर जगते. ती पुसत नाहीत, तळघर चांगलं असल्याची खूण मानतात.

अण्णाकाका: जमीन कसली?

मुग्धा: ज्वालामुखीची. राख, टफ म्हणजे राखेचाच झालेला दगड, वर काही ठिकाणी लोएस म्हणजे वाऱ्याने आणलेली बारीक माती. आपल्याकडचा दगडही ज्वालामुखीचाच, पण जात वेगळी. कुठल्या बांधावर कोणतं द्राक्ष चांगलं हे तिथे शेकडो वर्षं लिहून ठेवलंय. 1737 मध्ये राजाच्या हुकमाने पट्ट्याची हद्दच आखली. 1880 च्या दशकात फिलॉक्सेरा या मुळांवरच्या किडीने बागा गेल्या, साम्यवादी काळात सगळं सरकारी झालं आणि दर्जापेक्षा वजन महत्त्वाचं ठरलं. 1990 नंतर पुन्हा उभं राहिलं. काका, तुम्ही तिथल्या शेतकऱ्याशी बोलावं ही माझी खरी इच्छा आहे. भाषा मी सांभाळते.

बाबा: मधला दिवस शारोशपाताकला घाल. राकोत्सी घराण्याचा किल्ला आहे. याच घराण्यातल्या फेरेन्सने 1703 मध्ये ऑस्ट्रियाच्या हॅब्सबर्ग सत्तेविरुद्ध उठाव केला आणि फ्रान्सच्या चौदाव्या लुईला टोकाय वाइन पाठवली. शिवाय तिथलं जुनं कॉलेज 1531 चं. शिक्षणतज्ज्ञ कोमेनियस तिथे चार वर्षं शिकवायला होता. मास्तरकी केलेल्या माणसाला ते बघायचंय.

मुग्धा: घातलं. वाटेत हेर्त्सेगकूतला तळघरांच्या रांगा आहेत, उतारावर नुसती त्रिकोणी दारं दिसतात. तिथे गाडी थांबवू.

सागरदादा: गाडी मी चालवतो.

मुग्धा: तू येतोयस का? आणि चालवायची तर एक थेंबही नाही. हंगेरीत मर्यादा शून्य आहे. गाडी चालकासकट घेऊ. बुडापेस्टच्या केलेती स्टेशनवरून टोकायला ट्रेनने अडीच-पावणेतीन तास. मादला ट्रेनने जाताना सेरेंचला बदलावं लागतं, तिथली चॉकलेटं पोरांसाठी घेता येतील.

सागरदादा: मी नाही येत. अण्णा, तुम्ही जा. फवारणीचं मी बघतो. पाऊस लागला तर रात्री ट्रॅक्टर काढीन. पण छाटणी सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात उरका.

अण्णाकाका: पोंगा अवस्थेत, म्हणजे नवी फूट निघताना, पाऊस आला तर रोज दोनदा फोन करायचा. पानाच्या मागच्या बाजूचा फोटो टाकायचा. दिवस किती?

मुग्धा: 11 ऑक्टोबरला निघा, 20 ला परत. 23 ऑक्टोबरला 1956 च्या उठावाची सुट्टी असते, दुकानं बंद, त्याआधी आटपू. सकाळी पाच-सहा अंश, दुपारी पंधराच्या आसपास. स्वेटर आणि पाय घसरू नये म्हणून रबरी तळाचे बूट, बागेत चिखल असतो.

काकू: बाटल्या किती आणता येतात?

मुग्धा: माणशी दोन लिटर. ऑसूची बाटली अर्ध्या लिटरची असते, म्हणजे चार. कपड्यात गुंडाळून चेक-इनमध्ये. व्हिसाचा अर्ज हंगेरीकडेच करायचा, कारण जास्त दिवस इथे आहेत. तीस हजार युरोचा प्रवास विमा लागतो. ऑगस्टच्या आत कागद द्यायचेच, नंतर अपॉइंटमेंट मिळत नाहीत. सगळ्यांनी पासपोर्टच्या पहिल्या पानाचा फोटो मला वेगळा पाठवा, ग्रुपवर नको.

थोरली आत्या (अलिबाग): माझा पुढच्या फेब्रुवारीत संपतो. चालेल ना?

मुग्धा: परतीनंतर तीन महिने हवेत, म्हणजे चालेल. दोन पानं कोरी आहेत का बघ.

थोरली आत्या (अलिबाग): सगळाच कोरा आहे.