पी५.जेएसमधला कोर्स प्रकल्प: सहा आठवड्यांत आधी काय, नंतर काय?

रेघोट्या: क्रिएटिव्ह कोडिंगच्या (कोडमधून चित्रं, कलाकृती करण्याच्या) कोर्सचा प्रकल्प पी५.जेएसमध्ये, म्हणजे ब्राउझरमध्ये चित्रं काढणाऱ्या जावास्क्रिप्ट लायब्ररीत करायचाय, आणि त्यासाठी सहा आठवडे आहेत. माइकवरच्या आवाजानुसार पडद्यावर हजारो कण (छोटे ठिपके) हलवायचे, तीन वेगवेगळी दृश्यं आणि जोडीला वेबकॅम, असा बेत आहे. काम कोणत्या क्रमाने घ्यावं, आणि नेमकं अडतं कुठे?

कोरा_कॅनव्हास: वेबकॅम आणि दोन दृश्यं आत्ताच बाजूला ठेवा. पहिल्या आठवड्यात एवढंच करा: आवाज वाढला की एक वर्तुळ मोठं होतं. दिसायला कसंही असू दे, माइकपासून पडद्यापर्यंतची वाट मोकळी झाली पाहिजे, कारण बहुतेक अडचणी तिथेच निघतात.

वापरणाऱ्याने क्लिक केल्याशिवाय ब्राउझर ऑडिओ सुरू करत नाही. म्हणून ‘सुरू करा’ बटण ठेवा आणि त्याच क्लिकवर युजरस्टार्टऑडिओ() (ऑडिओ सुरू करणारं फंक्शन) व माइक दोन्ही चालू करा. काम ऑनलाइन टाकलंत तर पत्ता एचटीटीपीएसचाच हवा. साध्या एचटीटीपीवर माइक मिळत नाही.

माइकचा आवाज किती आहे हे सांगणारं गेटलेव्हल() ० ते १ मधला आकडा देतं, पण साधं बोलणं खालच्या टोकालाच राहतं. सरळ ०–१ धरून मॅप() केलंत (म्हणजे तो आकडा वर्तुळाच्या आकारात बदललात) तर वर्तुळ जेमतेम हलेल. शांततेत आणि मोठ्या आवाजात येणारे आकडे कन्सोलवर बघा आणि त्याच मर्यादा मॅपला द्या. थरथर वाटली तर लर्प() वापरा, म्हणजे दर फ्रेमला जुन्या आकड्यापासून नव्याकडे अंतराच्या ०.१ ते ०.२ पट एवढंच सरका.

साठ_फ्रेम: कणांचं सांगतो. सेकंदाला ६० फ्रेम म्हणजे एका फ्रेमला साधारण १६.७ मिलिसेकंद. दर फ्रेमला ५ कण जन्मले आणि एकही काढला नाही, तर मिनिटभरात १८,००० होतात आणि चित्र अडखळायला लागतं. स्प्लाइसने (यादीतून घटक काढणाऱ्या फंक्शनने) काढणार असाल तर लूप शेवटाकडून चालवा, नाहीतर काढलेल्याच्या पुढचा कण सुटतो. त्याहून बरं म्हणजे १,५०० कणांचा ठरावीक अ‍ॅरे (यादी) ठेवून संपलेला कण पुन्हा जन्माला घालणं.

कणांनी एकमेकांना ढकलण्याचा मोह टाळा: १,००० कणांच्या ४,९९,५०० जोड्या होतात. दिशा नॉइज()मधून (हळूहळू बदलणारे यादृच्छिक आकडे देणाऱ्या फंक्शनमधून) घ्या, ओघ छान येतो. दाट पिक्सेलच्या पडद्यावर पिक्सेलडेन्सिटी(१) लावा. घनता २ असेल तर चौपट पिक्सेल रंगवावे लागतात.

रेघोट्या: प्रकल्पाच्या निकषांत ‘दोन इनपुट’ असं लिहिलंय. मग वेबकॅम टाळता येईल?

कोरा_कॅनव्हास: कीबोर्ड हाही इनपुटच, पण शिक्षकांकडून आधी लेखी होकार घ्या. एक की अशी ठेवा की माइक बंद पडला तर त्याच्या जागी साइन लहर आकडे पुरवेल. सादरीकरणात ती फार कामाला येते.

चौथ्या आठवड्याअखेर नवं काही जोडणं बंद. पाचव्यात दुसऱ्यांच्या हाती द्या आणि काहीही न सांगता बघा. इंडेक्स फाइलमध्ये लायब्ररीची नेमकी आवृत्ती लिहा, कारण १.x मधलं प्रीलोड() (फाइली आधी लोड करणारं फंक्शन) २.० मध्ये काढून टाकलंय.

साठ_फ्रेम: आणि आवाजाच्या मर्यादा सादरीकरणाच्या खोलीत पुन्हा मोजा. पंखा, एसी, प्रोजेक्टर यांची घरघर तिथे कायम असते. दोन सेकंद शांतता ऐकून खालची मर्यादा आपोआप ठरवणारी एक की दिलीत, तर ऐनवेळी कोडला हात लावावा लागणार नाही.