मुलांच्या हाती टेनिस रॅकेट कधी दिलीत?

मुलगा साडेचार वर्षांचा. हाती लागेल त्याने भिंतीवर चेंडू बडवत असतो. नवरा म्हणतो आत्ताच क्लासला घालू, सासूबाई म्हणतात थांबा. ज्यांची मुलं यातून गेली आहेत त्यांनी लिहा. फसलेलं आधी लिहिलंत तर जास्त बरं.

*

आमचं फसलेलंच आहे. पाच वर्षांच्या लेकीला मोठ्यांची 27 इंची रॅकेट घेतली, वाढत्या अंगाचे कपडे घेतो तसा हिशेब करून! पिवळा चेंडू टप्पा पडून तिच्या डोक्यावरून जायचा. तो कसाबसा मारायला तिने तळवा पार दांड्याखाली फिरवला. ती पकड सुटायला दोन वर्षं गेली. रडारड वेगळीच.

*

म्हणून तर लाल चेंडू. पिवळ्याहून सुमारे 75 टक्के संथ, कोर्ट 11-12 मीटर लांब, नेट 80 सेंटीमीटर. पुढे नारिंगी, मग हिरवा. 2012 पासून आयटीएफच्या (आंतरराष्ट्रीय टेनिस महासंघाच्या) नियमाने दहा वर्षांपर्यंतच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू चालतच नाही. माझ्या मुलाची सहाव्या वर्षी, तिसऱ्याच दिवशी आठ फटक्यांची रॅली झाली. पुढे सरांनी त्याला नारिंगीवर दीड वर्ष ठेवलं तेव्हा मी कुरकुरले, बाकीची मुलं पुढे गेली म्हणून. सरांचंच बरोबर होतं.

*

थोरल्याला चौथ्या वर्षी घातलं. तो कोर्टवर मुंग्या बघत बसायचा. धाकटी नवव्या वर्षी आली, फुटबॉल खेळून. सहा महिन्यांत त्याच्या पुढे. थांबणं, वळणं, तोल सावरणं पायांना आधीच येत होतं. (हातांचं कौतुक उगाच होतं.)

*

मुलगी दहा वर्षांची, रोज तीन तास, शेवटी बादलीभर सर्व्हिस. खांदा धरला. अमेरिकेची टेनिसपटू जेनिफर कॅप्रियाती 1990 मध्ये तेराव्या वर्षी व्यावसायिक झाली, एवढंच माझ्या डोक्यात. चौदाच्या आतल्या मुलींना व्यावसायिक स्पर्धा बंद करणारा नियम 1995 मध्ये आला, तो वाचलाच नव्हता. तीन महिने रॅकेट कपाटात. चौथ्या महिन्यात तिनेच मागितली, आता आठवड्यातून तीनच दिवस.

*

मीच, धागा काढणारी. लाल चेंडू आणि 19 इंची रॅकेट आणली. क्लास नाही, अंगणात दोरी बांधलीय. काल सासूबाईंनीही दोन फटके मारले. एक दोरीखालून गेला, तो मोजायचा नाही म्हणाल्या.